एकदिश विजेची पेटी आणि तिची मर्यादा

जयपूरची ख्याती जवाहीर, मीनाकारी आणि दागिने यांसाठी आहे. तेथे दागिन्यांना सोन्याचे किंवा चांदीचे पाणी देणारा कारागीर जेव्हा विजेच्या साहाय्याने आपले काम करतो, तेव्हा द्रावणाच्या भांड्याशेजारी त्याला एक पेटी ठेवावी लागते. त्याच शहरात १९६३ साली मालवीय प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले आणि २००२ साली त्याला राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला. अशा संस्थेच्या प्रयोगशाळेत नवख्या विद्यार्थ्यापुढील बाकावरही तशाच जातीची एक पेटी असते. कारागिराचे काम वेगळे, विद्यार्थ्याचे काम वेगळे. पेटीचे काम मात्र एकच. घरोघर येणारी, क्षणोक्षणी दिशा पालटणारी वीज घ्यावयाची, तिला एकाच दिशेने वाहावयास लावावयाचे आणि मागितलेल्या दाबाने ती बाहेर द्यावयाची. हिलाच व्यवहारात डी. सी. पॉवर सप्लाय म्हणतात.

दिसावयास ही पेटी अगदी गरीब असते. पुढच्या बाजूस दोन आकडे, दोन-तीन घुंड्या आणि लाल, काळे व हिरवे अशी तीन अग्रे. तीस व्होल्टांच्या वर तिची मजल सहसा जात नाही, म्हणून तिची भीतीही कोणास वाटत नाही. परंतु हिच्याच हातून क्षणार्धात महिनाभराच्या मेहनतीचे मंडल जळून जाते, दागिन्यावरचे सोने उलट द्रावणात उतरते आणि प्रसंगी बोटही भाजते. अशा वेळी पेटीकडे बोट दाखविले जाते. वस्तुतः पेटी आज्ञाधारक असते. तिला आज्ञा देताना मर्यादा सांगावयाची राहून गेलेली असते. मर्यादा आधी ठरवावी आणि जोडणी मागाहून करावी, हे एक सूत्र ज्याने पक्के केले त्याला या पेटीची पुष्कळशी विद्या आली असे समजावे.

एकदिश विजेची ही गरज नवी नव्हे. इटलीतील व्होल्टाने १८०० साली धातूंच्या चकत्या एकावर एक रचून पहिला विद्युत्घट सिद्ध केला. त्याचाच स्नेही ब्रुन्यातेल्ली याने पाच वर्षांनी, १८०५ मध्ये, त्या घटाच्या साहाय्याने चांदीच्या पदकांवर सोन्याचा मुलामा चढविला. म्हणजे सतत एका दिशेने वाहणारी वीज हाती येताच तिने जी पहिली कामे केली, त्यांत सोन्याचे पाणी देण्याचे काम होते. आज घटाची जागा पेटीने घेतली आहे. भिंतीतून येणारी २३० व्होल्टांची वीज पेटीतील रोहित्रात शिरते आणि तेथे तिचा दाब उतरतो. मग डायोडांची जोडणी तिला एका दिशेस वळविते, धारित्रे तिच्यातील चढउतार भरून काढतात आणि शेवटी नियंत्रक भाग बाहेरील दाब घुंडीने ठरविल्याप्रमाणे स्थिर राखतो. हलक्या वजनाच्या नव्या पेट्यांत हीच क्रिया अतिशय जलद उघडझाप करणाऱ्या अर्धसंवाहकांकडून होते. मात्र दोन्ही जातींत एक गोष्ट समान आहे. पेटीच्या पोटात भिंतीतील वीज तिच्या पूर्ण उग्रतेने वावरत असते, आणि पेटी बंद केल्यावरही आतील धारित्रांत काही काळ साठा उरतो. म्हणून तिचे झाकण काढणे हे वापरणाऱ्याचे काम नव्हे.

आता त्या दोन आकड्यांकडे वळू. एक आकडा व्होल्टचा, म्हणजे दाबाचा. दुसरा अँपिअरचा, म्हणजे प्रवाहाचा. पेटीवर ‘३० व्होल्ट, ५ अँपिअर’ असे छापलेले पाहून नवखा मनुष्य समजतो की, जे काही जोडू त्यात ती पाच अँपिअर ढकलणार. हा समज चुकीचा आहे. गच्चीवरील टाकीत पाणी किती उंचीवर आहे ते टाकी ठरविते, परंतु किती पाणी वाहावयाचे ते खालची तोटी ठरविते. त्याप्रमाणे दाब पेटी देते आणि प्रवाह जोडलेली वस्तू आपल्या रोधानुसार घेते. ओहमने १८२७ साली मांडलेला नियम हाच. १२ व्होल्ट दाबाखाली ६ ओहम रोधाची वस्तू २ अँपिअर घेईल, ६०० ओहमची वस्तू अँपिअरचा केवळ पन्नासावा भाग घेईल. दोहोंसाठी पेटी तीच, घुंडीही तेथेच.

मग दुसरी घुंडी कशासाठी? ती मर्यादेसाठी. समजा दाब १२ व्होल्ट ठेवला आणि प्रवाहाची मर्यादा अर्धा अँपिअर ठरविली. ६०० ओहमच्या वस्तूला ही मर्यादा जाणवणारच नाही. पेटी निमूटपणे १२ व्होल्ट देत राहील. परंतु तेथे ६ ओहमची वस्तू लावली तर ती २ अँपिअर मागेल. पेटी अर्ध्या अँपिअरवर थांबेल आणि तेवढाच प्रवाह राखण्यासाठी आपला दाब ३ व्होल्टांपर्यंत उतरवील. अशा वेळी पुढच्या बाजूवरील एक लहान दिवा रंग बदलतो किंवा दुसराच दिवा लागतो. पुष्कळांना वाटते की पेटी बिघडली, आणि ते दाब पूर्ववत् करण्यासाठी प्रवाहाची घुंडी भराभर वाढवितात. तेथेच अनर्थ होतो. तो दिवा पेटीच्या बिघाडाचा नसून जोडणीत काही विपरीत असल्याचा असतो. तो दिसताच प्रथम वीज बंद करावी आणि तारा तपासाव्यात. कोठे दोन उघड्या तारा एकमेकींस टेकल्या असतील, कोठे धन व ऋण यांची अदलाबदल झाली असेल.

यावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम, अग्रांना काहीही न जोडता पेटी सुरू करावी आणि दाब हवा तेथे आणावा. मग प्रवाहाची मर्यादा ठरवावी. नव्या पेट्यांत एक बटन दाबताच ही मर्यादा आकड्यांत दिसते. जुन्या धर्तीच्या पेटीत दाब दोन-तीन व्होल्टांवर उतरवून, प्रवाहाची घुंडी अगदी खाली ठेवून, लाल व काळे अग्र जाड तारेने जोडावे आणि घुंडी हळूहळू वाढवीत दर्शकावर हवा तो आकडा आणावा. नंतर तार काढून दाब पुन्हा जागेवर न्यावा. ही युक्ती केवळ प्रवाहमर्यादेची सोय असलेल्या पेटीपुरतीच आहे. बॅटरीची किंवा साध्या रेक्टिफायरची अग्रे अशी कधीही जोडू नयेत. मर्यादा किती असावी? मंडलाला जेवढा प्रवाह लागेल अशी गणिताने अपेक्षा आहे, त्याहून थोडी अधिक. मंडल पाव अँपिअरचे असताना पाच अँपिअरची मुभा ठेवणे म्हणजे दिवाणखान्यातील दिव्यासाठी गिरणीचा फ्यूज घालण्यासारखे आहे.

मर्यादा ठरल्यावर पेटीचे निर्गम बंद करावे, मगच तारा जोडाव्यात. लाल अग्र धनाकडे व काळे ऋणाकडे गेले आहे ना, हे नुसत्या तारांच्या रंगावर विसंबून न राहता बोट ठेवून पाहावे आणि अखेरीस निर्गम सुरू करावे. ‘मर्यादा घातली आहे, मग चालू पेटीला तार लावली तर काय बिघडले?’ असा प्रश्न येथे उद्भवतो. त्याचे उत्तर पेटीच्या रचनेत आहे. तिच्या निर्गमावर एक धारित्र असते आणि ते त्या क्षणी पूर्ण दाबाने भरलेले असते. मर्यादेचा पहारेकरी त्याच्या मागे उभा असतो, पुढे नव्हे. तार टेकताच धारित्रातील साठा एकदम मंडलात उतरतो, आणि नाजूक वस्तूला तेवढा क्षणही पुरतो. एल. ई. डी. नावाचा प्रकाश देणारा डायोड हे याचे उत्तम उदाहरण. पांढऱ्या प्रकाशाच्या लहान डायोडाला सुमारे ३ व्होल्ट आणि अँपिअरचा पन्नासावा भाग पुरतो. १२ व्होल्टांवर तो लावावयाचा तर उरलेले ९ व्होल्ट झेलण्यासाठी ४५० ओहमच्या आसपासचा, म्हणजे बाजारात मिळणारा ४७० ओहमचा रोधक त्याच्या मार्गात घालावा. पेटीच्या मर्यादेवर भार टाकून रोधक वगळणे शहाणपणाचे नाही.

सोन्याचांदीचे पाणी देणाऱ्याच्या बाबतीत मात्र प्रवाहाची घुंडी ही केवळ पहारेकरी राहत नाही. ती कामाचे मापच होते. द्रावणातून किती धातू निघून दागिन्यावर बसेल, हे किती प्रवाह किती वेळ वाहिला त्यावर ठरते. हा नियम फॅरडेचा. एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला आणि तो सारा चांदी बसविण्यातच खर्ची पडला, तर सुमारे ४ ग्रॅम चांदी चढते. हे नाते इतके काटेकोर आहे की, १९४८ पर्यंत आंतरराष्ट्रीय अँपिअरची व्याख्याच चांदीवरून केलेली होती. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून दर सेकंदास १.११८ मिलिग्रॅम चांदी बसविणारा प्रवाह म्हणजे एक अँपिअर. पुढे व्याख्या बदलली, आणि २०१९ पासून ती इलेक्ट्रॉनच्या विद्युत्भारावर आधारली आहे. चांदीचा हिशेब मात्र तोच राहिला. म्हणून मुलाम्याच्या कामी पेटी प्रवाह स्थिर राखील अशी लावतात. दागिना नेहमी ऋण अग्रास जोडावयाचा. तारा उलट लागल्या तर दागिना धन होतो आणि त्याच्यावरील धातूच द्रावणात उतरू लागतो. विद्यार्थ्याची उलट जोडणी दहा-वीस रुपयांच्या भागावर निभावते. कारागिराची उलट जोडणी दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेल्या सोन्यावर येते. आणि त्या भांड्यातील द्रावण पुष्कळदा सायनाइडचे असते. त्यात आम्ल मिसळले तर प्राणघातक वायू निघतो. म्हणून आम्लाची बाटली त्याच्या जवळपासही नसावी आणि जागेत वायुवीजन उत्तम असावे. विजेच्या सावधगिरीला येथे रसायनाच्या सावधगिरीची जोड अपरिहार्य आहे.

आता तिसऱ्या, हिरव्या अग्राविषयी. लाल आणि काळ्या अग्रांमधील दाब पेटी ठरविते, परंतु ती दोन्ही अग्रे जमिनीच्या संबंधात पुष्कळ पेट्यांत तरंगती असतात; म्हणजे कोणतेही एक जमिनीशी बांधलेले नसते. हिरवे अग्र मात्र पेटीच्या धातूच्या अंगाशी आणि भिंतीतील तीन पिनांच्या खुंटीमार्गे जमिनीशी जोडलेले असते. आत कोठे तारेचे आवरण झिजून २३० व्होल्ट पेटीच्या अंगाला लागले, तर हाच मार्ग ती वीज जमिनीत नेतो आणि फ्यूज उडवितो. म्हणून तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या जागेत पेटी बसविणे म्हणजे आपल्या हाताने आपले कवच उतरविणे होय.

परंतु तिसरी पिन शाबूत असूनही भागत नाही. ती ज्या जमिनीला जाऊन मिळते ती जमीन वीज घेणारी हवी. जयपूर वाळवंटाच्या पूर्व कडेला आहे. तेथील पाऊस वर्षाकाठी सरासरी साठ सेंटिमीटरांच्या आसपास आणि तोही बहुतांशी पावसाळ्याच्या थोड्या महिन्यांतला. एरवी रेताड माती कोरडी पडते, आणि कोरडी माती विजेला फार रोध करते. कागदोपत्री अर्थिंग आहे, खड्ड्यात पट्टीही आहे, पण उन्हाळ्यात तिच्याभोवतीची माती विजेला वाटच देत नाही, असे घडू शकते. म्हणूनच अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ व कोळसा भरण्याची आणि त्यात अधूनमधून पाणी घालण्याची पद्धत आहे. उन्हाळा भरात आला असता त्या खड्ड्याचा रोध मोजून घेणे हे तेथील कार्यशाळेचे वार्षिक कर्तव्यच मानले पाहिजे. त्याच्या जोडीला, प्रवाहाची थोडीशी गळती होताच वीज तोडणारे संरक्षक साधन भिंतीतील पुरवठ्यावर असावे. मात्र ते पेटीच्या आधीच्या विजेपुरते आहे. रोहित्राच्या पलीकडे लाल व काळ्या अग्रांमध्ये काय चालले आहे, याची त्याला वार्ताही नसते.

या जमिनीवरूनच आणखी एक फसगत होते. विजेच्या लहरी दाखविणाऱ्या ऑसिलोस्कोपचा काळा चिमटा आतून जमिनीशी जोडलेला असतो. पेटीचे ऋण अग्र हिरव्याशी बांधलेले असताना हा चिमटा मंडलातील भलत्याच ठिकाणी लावला, तर ते ठिकाण जमिनीमार्गे ऋण अग्राशी जोडले जाते आणि मंडल होरपळते. म्हणून अनेक यंत्रे एकत्र वापरताना कोणते अग्र जमिनीला बांधले आहे, हे कागदावर रेखाटून मगच पुढे जावे. दोन पेट्या एकीपुढे एक जोडल्या तर दाबांची बेरीज होते. ३० आणि ३० मिळून ६० व्होल्ट होतात. साठ व्होल्टांपुढील एकदिश दाब अनेक मानकांनी उघड्या स्पर्शास धोक्याचा मानला आहे, आणि घामाने किंवा द्रावणाने ओले झालेले हात असतील तर त्याहून कमी दाबालाही क्षुल्लक समजू नये. दोन पेट्या शेजारी शेजारी, म्हणजे समांतर, जोडणे तर त्या तशा वापरासाठी घडविलेल्या असतील तरच.

पेटीला बॅटरी जोडावयाची असेल तेव्हा परीक्षा अधिक कठीण होते, कारण बॅटरीला मर्यादेची घुंडी नाही. तारा उलट लागल्या तर बॅटरी आपली सारी शक्ती पेटीत ओतते; पेटी बंद असेल तर सुलट जोडणीतही प्रवाह मागे फिरू शकतो. यासाठी मार्गात योग्य क्षमतेचा डायोड आणि बॅटरीच्या अग्रालगत फ्यूज घालावा. शिशाच्या बॅटरीतून भरताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ ठिणगी पडू देऊ नये. लिथियमची बॅटरी मात्र तिच्यासाठीच बनविलेल्या चार्जरवर भरावी हे उत्तम. हातात अंगठी किंवा कडे असेल तर तेही आधी काढून ठेवावे. बारा व्होल्टांचा झटका बसत नाही हे खरे. पण बॅटरीच्या दोन अग्रांमध्ये आडवी आलेली सोन्याची अंगठी क्षणात तापून बोटाला खोलवर भाजू शकते. सोने उत्तम वाहक आहे, हे सोनारकाम करणाऱ्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? आणि हातात अंगठ्याही त्याच्याच अधिक.

तारांचीही उपेक्षा होते. पेटीपासून मंडलापर्यंत जाणाऱ्या व परत येणाऱ्या तारांचा रोध प्रत्येकी ओहमचा दहावा भाग धरला आणि प्रवाह ३ अँपिअर असला, तर वाटेतच ०.६ व्होल्ट खर्ची पडतात. पेटी ५ व्होल्ट दाखविते आणि मंडलाला ४.४ मिळतात. म्हणून दाब मोजावयाचा तो मंडलापाशी. बारीक तारेतून मोठा प्रवाह नेला तर तार तापते, आवरण वितळते आणि आगीची सुरुवात तेथून होते.

शेवटी उष्णतेचा विचार. साध्या रेषीय जातीच्या पेटीत आतील दाब ३६ व्होल्ट आहे आणि बाहेर ५ व्होल्ट, ३ अँपिअर दिले जात आहेत असे धरले, तर मंडलाला १५ वॅट मिळतात आणि पेटीतील ट्रान्झिस्टरांना ९३ वॅट उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावे लागतात. म्हणजे कमी दाब आणि जास्त प्रवाह मागितला की पेटी अधिक तापते. वरवर दिसणाऱ्या समजुतीच्या हे अगदी उलट आहे. ही उष्णता हवेत जावयाची. जयपूरला मे-जूनमध्ये दुपारची हवाच चाळीस अंशांच्या वर गेलेली असते आणि आंधी आली की बारीक धूळ प्रत्येक फटीत शिरते. अशा ठिकाणी पेटीच्या जाळ्या व पंखा वरचेवर स्वच्छ करणे, तिच्याभोवती मोकळी जागा ठेवणे, तिच्यावर वह्या किंवा फडकी न ठेवणे, आणि छापील क्षमतेच्या कडेपर्यंत तिला तासन् तास न राबविणे हे अगत्याचे आहे.

काम संपल्यावर क्रम उलटा. आधी निर्गम बंद करावे, मग तारा सोडाव्यात, मग भिंतीचे बटन बंद करावे. आणि निघण्यापूर्वी दोन्ही घुंड्या खाली आणून ठेवाव्यात. कारण त्या बाकावर यानंतर दुसरा कोणी येणार असतो. आदल्या माणसाने घुंड्या कोठे सोडल्या आहेत हे न पाहता तो कदाचित घाईने आपले मंडल जोडील. त्या वेळी त्याच्या श्रमाचे रक्षण करावयास त्या खाली आणलेल्या घुंड्यांशिवाय तेथे दुसरे कोणी नसेल.